साडेवीस इंच

१

मिस्त्रींच्या दुकानात लोक सायकल विकत घ्यायला येत नसत, शिवून घ्यायला येत. हा शब्द समोरच्या शिंप्याचा. तो म्हणे, "मिस्त्री, तुमचा-माझा धंदा एकच. तुमचं कापड लोखंडाचं, एवढाच काय तो फरक." मिस्त्रींना हे बोलणं मनापासून आवडे, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ.

जुन्या धाटणीच्या सायकली हे त्यांचं खास काम. पूर्ण चेनकव्हर, गोल मडगार्ड, पितळी घंटी, मागे वळलेलं हँडल, चामड्याची सीट आणि मडगार्डवर हाताने ओढलेली एक बारीक सोनेरी रेघ. रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. त्या वेळी कुणी दुकानात शिरून "आहेत का मिस्त्री?" असं विचारलं, तर समोर बसूनही ते नसत.

थाट कितीही केला तरी त्यांच्या लेखी खरं काम एकच होतं, मापाचं. गिऱ्हाईकाला स्टँडवरच्या सायकलीवर बसवायचं. पेडल सगळ्यात खाली आणायचं आणि त्यावर टाच टेकवायला सांगायची. पाय सरळ झाला, गुडघ्यात वाकही नाही आणि ताणही नाही, की सीट बरोबर. मग पोलादी टेप लावून, पेडल ज्याभोवती फिरतात त्या क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहायचं आणि तुकडा खिळ्याला अडकवायचा. तुकड्यांवर नावं नसत. "उंच डॉक्टर", "खांदा दुखणाऱ्या बाई", "सतत घाईत" अशा खुणा असत. रस्त्याने कुणी गेलं तर मिस्त्री मान वर करून पुटपुटत, "सव्वासत्तावीस चालले."

दुकान खाली होतं आणि घर वर, मधे लाकडी जिना. वरच्या घरात जे चाले ते सगळं खाली ऐकू येई. वर पाणी ओतलं तरी मिस्त्रींना कळे की ते भांड्यात ओतलं की पेल्यात. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि बायको काय करतेय हे बघायला त्यांना कधी जिना चढावा लागला नव्हता.

२

बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणे. मिस्त्री तिला ठेंगू म्हणत, कारण वहिनी अंगाने लहानखुऱ्या होत्या, पावणेपाच फुटांच्या. त्यांची उंची मिस्त्रींच्या बरगडीपाशी संपे आणि आवाज गल्लीच्या टोकाशी. "अहो, माझ्या डोक्यावरून बघू नका, माझ्याकडे बघा," असं त्या भांडताना म्हणत, आणि मग दोघांनाही हसू फुटे.

पण वर्षभर हे सगळं बंद होतं. वहिनींची आई दोन वर्षं त्यांच्याकडे अंथरुणाला खिळून होती, वहिनींनी तिचं सगळं केलं, आणि आई गेल्यावर वहिनी जणू जागच्या जागी थांबल्या. सकाळी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायच्या त्या दुपारपर्यंत तिथेच. समोर नळ. नळ ठिबकत असला तरी उठायच्या नाहीत. काही विचारलं तर "हो" आणि "नको", तिसरा शब्द नाही. जिना उतरून त्या शेवटच्या कधी खाली आल्या हे मिस्त्रींना आठवेना. खाली पाना फिरवताना वरची ती शांतता त्यांच्या मानेवर बसे. आपली ठेंगू आपल्या डोळ्यांदेखत हातची जातेय, आणि आपण बसलोय लोकांच्या सीटा बसवत, असं त्यांना वाटे आणि स्वतःचाच राग येई.

म्हणून त्यांनी तिच्यासाठी सायकल करायला घेतली. वहिनींना शाळेपासून सायकल येत होती, पण सायकलवाल्याशी लग्न झाल्यापासून सायकल मिळाली नव्हती. गल्लीत यावर चेष्टा होत असे.

सांगाडा भंगारवाल्याकडे मिळाला. "एक घर रिकामं केलं, त्यातली आहे," एवढंच तो म्हणाला. बायकांच्या बैठकीची, मधला दांडा खाली झुकलेली, गर्द हिरवी, लहान फ्रेम. मिस्त्रींनी ती पूर्ण उतरवली, घासली, रंगवली, चाकांचा आऊट काढून ती सरळ केली, छर्रे बदलले. सीटची दांडी फ्रेमच्या नळीतून ओढून काढली तेव्हा तिच्यावर, बरीच खाली, कानशीने ओढलेली एक आडवी खूण दिसली. आधीच्या मालकाची उंची. मिस्त्री स्वतःही अशी खूण करून देत. त्यांनी दांडी पुसली आणि बाजूला ठेवली.

सीट मात्र फेकायचीच होती. चामडं वर्षानुवर्षं एका माणसाला वाहतं आणि त्याच्या बैठकीचा साचा धरतं. ही सीट डावीकडे जास्त दबलेली होती, म्हणजे बसणारं माणूस कलून बसणारं होतं. दुसऱ्याची चामड्याची सीट कुणाला बसवून द्यायची नाही, हा मिस्त्रींचा नियम. नवी सीट त्यांनी आणूनही ठेवली होती.

पण माप घ्यायला वहिनींना हाताला धरून खाली आणलं तेव्हा सायकलीवर जुनीच होती. वहिनी तिच्यावर बसल्या आणि चामड्याच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या.

"ही सीट राहू द्या," मग त्या म्हणाल्या. "कुणीतरी बसायला जागा करून ठेवल्यासारखं वाटतंय."

वर्षभरात वहिनींनी उच्चारलेली ती पहिली लांब वाक्यं. त्यांच्यापुढे नियम कसला नि काय! मिस्त्रींनी मान वळवून डोळे पुसले आणि टेप लावली. सीट पार खाली, जवळजवळ नळीला टेकलेली. पुठ्ठ्यावर लिहिलं, "ठेंगू. साडेवीस."

३

पुढचे दीड महिने मिस्त्री तरंगत होते. वहिनी रोज सकाळी सायकल काढत, तासभर फिरून येत, आणि जिना चढताना गुणगुणत. जेवू लागल्या. शेजारणीशी कचऱ्याच्या डब्यावरून एक चांगलं दणदणीत भांडण केलं, आणि मिस्त्री खाली हातातलं काम टाकून ते कौतुकाने ऐकत बसले.

एका सकाळी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, सीट जरा खाली वाटतेय."

"वाटणारच. पहिल्यांदा माणूस भीतीने आखडून बसतं. पाय मोकळे झाले की सीट वर हवी होते. सगळ्यांचं होतं."

हे खरंच सगळ्यांचं होतं. टाच टेकवून बघितली, गुडघ्यात थोडा वाक होता. मिस्त्रींनी सीट अर्धा इंच चढवली, पुठ्ठ्यावरचं साडेवीस खोडून एकवीस लिहिलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी पाऊण इंच. टाच पुन्हा टेकवली, गुडघा सरळ झाला, मिस्त्री उठले आणि डोकं खाजवू लागले. अर्ध्या इंचाचा फरक भीतीचा असतो. सव्वा इंचाचा नसतो. त्यांनी टेप मोठ्या पट्टीवर ताडून पाहिली. टेप बरोबर होती. वहिनींचे बूट उलटे करून तळवे पाहिले. जुनेच बूट, उलट झिजलेले.

"काय हुंगताय माझे बूट?" वहिनी म्हणाल्या.

"पहिल्यांदा माप चुकलं बहुतेक."

"तुमचं? माप चुकलं?" त्या खळखळून हसल्या. "आता दुकान बंद करा!"

मिस्त्रीही हसले. पण त्या दिवशी त्यांच्या हातून दोन रेघा वाकड्या गेल्या आणि दोन्ही पुसून काढाव्या लागल्या.

४

शिंपी आला तो हातात वहिनींची पँट घेऊनच.

"मिस्त्री, ही वहिनींनी टाकली होती लांब करायला. मीच शिवलेली आहे, मागच्या वर्षी. खालची दुमड होती नव्हती तेवढी सगळी सोडली. आता आणखी कापड कुठून आणू?"

"आटली असेल धुण्यात."

"मीही तेच म्हटलं. पण कंबर कशी आटली नाही?" शिंप्याने पँट काउंटरवर पसरली. "कंबर तिथल्या तिथे आहे. पाय तेवढे आटले. असं कापड मी आजवर बघितलं नाही बुवा."

"लक्ष नसेल तुझं. माप चुकतं माणसाचं."

"माझं चुकतं," शिंपी म्हणाला. "तुमचं कधी चुकल्याचं ऐकलं नाही."

तो गेल्यावर मिस्त्रींनी वहिनींची सायकल स्टँडवर घेतली, सीटचा बोल्ट सैल केला आणि दांडी ओढून बाहेर काढली. ग्रीस लावायच्या निमित्ताने, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नळीच्या तोंडापाशी दांडीवर ग्रीसचं कडं उमटलं होतं. त्याच्या खाली, जरा अंतरावर, कानशीची ती जुनी खूण. पूर्वी हे अंतर चांगलं चार बोटांएवढं होतं असं त्यांना आठवत होतं. आता अंगठ्याच्या दोन पेरांपेक्षाही कमी भरलं.

सीट वर चढवली की दांडी वर येणार, दांडी वर आली की खूण वर येणार. यात आश्चर्य ते काय? पोरकटपणा नुसता. मिस्त्रींनी दांडी परत बसवली. बोल्ट आवळताना पाना दोनदा निसटला.

५

रोज सात वाजता वर एक आवाज होई. वहिनींची चहाची पूड वरच्या फळीवर असे आणि त्या ठेंगण्या, म्हणून त्या लाकडी स्टूल फरशीवरून ओढत नेत. खर्र, मग दोन पायऱ्या चढल्यासारखे आवाज, मग डबा. अठ्ठावीस वर्षं मिस्त्री त्या आवाजावर दुकानाची फळी उघडत आले होते.

त्या सकाळी आवाज आला नाही. थोड्या वेळाने डब्याचं झाकण वाजलं.

मिस्त्री खाली उभे राहून ऐकत होते. वर वहिनी स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत गेल्या. हे अंतर वहिनींच्या अकरा पावलांचं होतं. मिस्त्रींनी ते कधी मुद्दाम मोजलं नव्हतं, पण एखाद्या चाकाच्या तारा माहीत असाव्यात तसं ते त्यांना माहीत होतं. पावलं नऊ पडली. आणि दर दुसऱ्या पावलाला फरशी जरा जास्त वाजत होती. डाव्या.

ते वर गेले. वहिनी खिडकीत पाठमोऱ्या उभ्या होत्या, हातात पेला, सगळा भार डाव्या कमरेवर देऊन. मिस्त्रींनी नेहमीसारखी हाक मारायला तोंड उघडलं आणि ठेंगू हा शब्द काही केल्या बाहेर येईना.

"काल कुठवर गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"तो उतार आहे ना, तिथवर. अजून तसाच आहे. फक्त कोपऱ्यावरचा दिवा काढलाय."

"कुठला उतार?"

"अहो तोच, आपला..." वहिनी थांबल्या. कपाळाला आठी पडली आणि लगेच गेली. "मला काय नाव ठाऊक! सायकल नेते तिकडे मी जाते."

आपल्या घराच्या आसपास उतार असा नव्हताच. सगळी वस्ती सपाटीवर होती.

"आपण जरा डॉक्टरांना दाखवू या का?"

वहिनी वळल्या. आता त्यांना मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे बघायला मान फारशी उचलावी लागत नव्हती. "कशासाठी? वर्षभर मी खुर्चीत सडत होते तेव्हा बरं होतं का? आता मला बरं वाटतंय. तेवढंही बघवत नाही तुम्हाला?"

मिस्त्री जिना उतरून खाली आले. दुपारी त्यांनी पुठ्ठ्यांमधला तिचा तुकडा काढला. साडेवीस, एकवीस, पावणेबावीस. दोन दिवसांपूर्वी सीट पुन्हा चढवल्यावर स्वतःच्याच हाताने लिहिलेलं साडेबावीस. सगळे आकडे त्यांच्या अक्षरात होते आणि सगळे बरोबर होते.

६

शेवटी त्यांनी करायचं ते केलं. वहिनी आंघोळीला गेल्या असताना जुनी सीट दांडीसकट काढली, एक कोरी दांडी आणि आणून ठेवलेली नवी सीट बसवली, आणि उंची ठेवली बरोबर साडेवीस. जुनी सीट फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

वहिनी खाली आल्या, सायकलीवर बसल्या आणि लगेच उतरल्या. जिना चढून वर गेल्या. मिस्त्रींनी पावलं मोजायची नाहीत असं ठरवूनही मोजली.

मग वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर कसलाच आवाज आला नाही.

पहिला दिवस मिस्त्रींनी मन घट्ट करून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना आवडणारे सगळे विनोद सांगितले, दोन तर दोनदा सांगितले. वहिनी नळाकडे बघत होत्या. नळ ठिबकत होता. ताट तसंच पडलं होतं. तिसऱ्या दिवशी मिस्त्री त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "अगं, काहीतरी बोल. भांड तरी."

"नको," वहिनी म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. खुर्चीवर बसलेल्या असूनही त्यांचे गुडघे खुर्चीच्या फळीपेक्षा वर आले होते, आणि त्या मोठ्या झालेल्या देहात त्या इतक्या हरवल्यासारख्या दिसत होत्या की मिस्त्रींना रडू कोसळलं.

ते तडक माळ्यावर गेले.

खाली स्टँडवर काम करताना त्यांच्या मनात भीती होतीच, पण तिच्यासोबत दुसरंही काहीतरी होतं, आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटली असती. जुनी दांडी नळीत उतरवताना त्यांचे हात शांत झाले. चार महिने ही सायकल कधी धड बसलीच नव्हती. दर वेळी जरा खाली, जरा अपुरी. असलं काम त्यांच्या दुकानातून बाहेर पडत नसे. त्यांनी दांडी वर घेतली, आणखी वर, आणि कानशीची खूण नळीच्या तोंडाशी अचूक आली तेव्हा थांबले. बोल्ट आवळला. टेप लावली. साडेतेवीस.

"ये," त्यांनी जिन्यातून हाक मारली. "सीट लावलीय तुझी."

वहिनी खाली आल्या. बसल्या. टाच पेडलवर टेकवली. पाय सरळ झाला, गुडघ्यात वाक नाही, ताण नाही. चामड्याच्या डाव्या खळग्यात त्या अशा बसल्या की दोघांमध्ये कागद सरकला नसता. अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात इतकी चपखल बसलेली सायकल मिस्त्रींनी पाहिली नव्हती.

"आता बरोबर," वहिनी म्हणाल्या आणि प्रसन्न हसल्या. ते हसू बघून मिस्त्रींना वाटलं, झालं एकदाचं. खूण गाठली. याच्या पुढे आता काही चढायचं नाही. जे व्हायचं ते होऊन संपलं, आणि बायको तर जागेवर आहे. उंच तर उंच.

७

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खांद्याला पिशवी अडकवून निघाल्या तेव्हा मिस्त्रींनी आपली काळी सायकल काढली आणि मागे गेले.

ऊन चांगलं वर आलं होतं. वहिनी पुढे, शे-दीडशे पावलांवर, डावीकडे किंचित कलून, सावकाश आणि एकसारखं पेडल मारत चालल्या होत्या. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. बाजार गेला, शाळा गेली, पाण्याची टाकी गेली. मग मिस्त्रींनी कधी न पाहिलेले रस्ते सुरू झाले. प्रत्येक वळणावर वहिनी हात दाखवत, तोही वळणाच्या बऱ्याच आधी, रोजचा रस्ता असावा तसा. एका कोपऱ्यावर नुसता खांब होता, दिवा नव्हता. तिथून उतार लागला. उतारावर वहिनींनी पेडल थांबवलं, आणि मागच्या चाकाची टकटक मिस्त्रींना स्पष्ट ऐकू आली. ते चाक त्यांनीच बांधलं होतं.

उताराच्या तळाशी एक बैठं घर होतं. वहिनी फाटकाशी उतरल्या. फाटकाची कडी आतल्या बाजूने होती. त्यांनी न बघता वरून हात घालून ती काढली. त्या कडीपर्यंत पावणेपाच फुटांच्या बाईचा हात कधीच पोचला नसता. सायकल त्यांनी खिडकीखाली भिंतीला टेकवली. तिथे भिंतीचा रंग हँडलच्या उंचीवर घासून गेलेला होता, आणि हँडल नेमकं त्या घासलेल्या जागी विसावलं. दार आतूनच उघडलं. एक हात बाहेर आला, म्हाताऱ्या माणसाचा, बाहीचं बटण तुटलेला. त्याने वहिनींच्या खांद्यावरची पिशवी घेतली. वहिनी आत गेल्या आणि दार लागलं.

मिस्त्री फाटकात उभे राहिले. कुणाची तरी ओळख असेल, त्यांनी मनाला सांगितलं. आईकडची कुणी. शाळेतली मैत्रीण. मैत्रिणीचे वडील. सगळं पटण्यासारखं होतं. मग ते गेले आणि त्यांनी दार वाजवलं.

दार उघडलं ते एका वयस्कर, सभ्य चेहऱ्याच्या गृहस्थांनी. "कोण हवंय?"

"आत्ता ज्या आत गेल्या... त्या सायकलवरून..." मिस्त्रींनी आत बोट दाखवलं. "मी त्यांच्या घरचा."

"तुमची गल्लत होतेय," गृहस्थ समजुतीने म्हणाले. "ती माझी बायको. इथे आम्ही दोघंच राहतो." मग त्यांचं लक्ष मिस्त्रींच्या हातांकडे गेलं, नखांतल्या काळ्या वंगणाकडे, खिशातून डोकावणाऱ्या पान्याकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा, सायकल तुम्हीच केलीत होय? फार उपकार झाले हो. मधे बराच काळ हिचं फिरणं बंदच होतं. मी एकटा नुसता बसून असायचो. घर टाकून जायला निघालो होतो, सामानसुद्धा काढलं होतं. आता रोज येते, बोलते, हसते. बघून किती बरं वाटतं म्हणून सांगू!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी मिस्त्रींच्या ओळखीचं होतं. गृहस्थांच्या खांद्यावरून आतली बोळवजा खोली दिसत होती, आणि तिच्या टोकाशी ओट्यापाशी एक उंच बाई पाठमोरी उभी होती, भार डाव्या कमरेवर. वहिनींचा सदरा. वहिनींचा अंबाडा, दोन काट्यांचा. ती पेल्यात पाणी ओतत होती, आणि ते पेल्यात ओततेय हे मिस्त्रींना दारातूनही कळलं. वळ, ते मनात म्हणाले. एकदा तोंड दाखव. आणि त्याच क्षणी त्यांना भीती वाटली की ती खरंच वळेल.

ती वळली नाही. पाण्याचा आवाज थांबला.

"अहो," आतून हाक आली, "कोण आलंय?"

आवाज वहिनींचाच होता. त्यातला जरासा लटका वैतागसुद्धा तोच. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने मिस्त्रींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"सायकलवाले आहेत," म्हातारे गृहस्थ आत बघून म्हणाले.

आत पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "सीट आता अगदी बरोबर बसलीय. पुन्हा यायची गरज नाही."